अनसेल्मोचे पाच

आमच्या गावात कोणी थाप मारली तर त्याला थापाड्या म्हणत नाहीत. "अनसेल्मोचे पाच" म्हणतात. पोरगी शाळेतून उशिरा आली आणि बस चुकली म्हणाली, की आई विचारते, "अनसेल्मोचे पाच का?" महापौरानं यंदा रस्ता नक्की करून देतो म्हटलं, की बाकावरचे म्हातारे एकमेकांना पाच बोटं दाखवतात. अठ्ठावीस वर्षं हे चाललं होतं. अनसेल्मो किलोद्रान माझ्या थोरल्या बहिणीचा, इर्माचा नवरा. त्यामुळे हे कानावर आलं की मला तोंड मिटून बसावं लागायचं, आणि तोंड मिटून बसणं माझ्या स्वभावात नाही.

पाच म्हणजे पाच रंग. हिवाळाभर बंद असलेली मासेमारी नोव्हेंबरात, आमच्या दक्षिण गोलार्धातल्या वसंतात, एका शनिवारी उघडते. डोंगरांवर अजून बर्फ असतो, नाउएल उआपी तळ्याच्या पाण्यात हात घातला तर बोटं ठणकतात, पण उजाडता उजाडता पन्नास-साठ होड्या धक्क्यावरून सुटलेल्या असतात. माणसाच्या चालीनं त्या काठाकाठानं फिरत राहतात, आणि प्रत्येकीच्या मागे लांब दोरी ओढली जात असते, टोकाला पितळेचा चमचा आणि त्याला गळ. दोरीच्या पोटात शिशाची तार असते म्हणून ती बुडते. जितकी जास्त सोडाल तितकी खोल जाते. किती सोडली ते कळावं म्हणून दर नऊ मीटरला तिचा रंग बदललेला असतो. त्यामुळे इथे कोणी कोणाला खोली विचारत नाही, "किती रंग?" विचारतात.

नोव्हेंबरात बारकी पुयेन मासोळी काठाला येते आणि तिच्या मागे ट्राउट येतात, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला दोन-तीन रंग पुरतात. चार म्हणजे जरा धाडस. सहा-सात जानेवारीत, उन्हाळ्यानं पाणी तापल्यावर. हे लहान पोरालाही माहीत आहे, आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोणी तपासून बघत नाही.

अनसेल्मो मात्र दर वर्षी पहिल्याच दिवशी सालमन पकडायचा. आता मोजून, फोटो काढून सोडून द्यायचा नियम आहे, तर तो फोटो आणायचा. पाच-सहा किलोचा, रुपेरी, पाठीवर काळे ठिपके. इतरांच्या वाट्याला ट्राउट यायचे, सालमन त्याच्याच. आणि किती रंग विचारलं की तो सरळ सांगायचा, पाच.

आता बाल्तासार ओयार्सोचं सांगते, कारण त्याच्याशिवाय या म्हणीला मूळ नाही. तो आणि अनसेल्मो नाक पुसायचं कळत नव्हतं तेव्हापासूनचे मित्र. दोघांनी मिळून होडी बांधली, तांबडी रंगवली, बारा वर्षं एकत्र चालवली. बाल्तासार पुढे तोंड करून सुकाणूवर, अनसेल्मो मागे दोऱ्यांवर. मग बाल्तासारचा संसार वाढला आणि त्यानं स्वतःची होडी घेतली. त्यात भांडण काही नव्हतं. नव्या हंगामाच्या आदल्या दिवशी त्यानं मित्राला विचारलं, सालमनला किती सोडतोस? अनसेल्मो म्हणाला, पाच. बाल्तासारनं नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पाच रंग ओढले. चमचे बदलले, वेग बदलला, जानेवारीत सगळे खाली गेले तरी हा हट्टानं पाचावर राहिला, कारण मित्राचा शब्द. एक सालमन लागला नाही. त्याची गिऱ्हाइकं उठून अनसेल्मोच्या होडीत बसली. हंगामाच्या शेवटच्या दिवशी भर धक्क्यावर तो अनसेल्मोला म्हणाला, की तू माझ्या तोंडाला पानं पुसलीस. अनसेल्मो म्हणाला, मी पाचच सोडतो. बाल्तासार जमिनीवर थुंकला आणि निघून गेला. बाकीच्यांनीही पाच सोडून पाहिले होते आणि त्यांचेही चमचे रिकामेच परत आले होते, तेव्हा निकाल लागायला उशीर लागला नाही.

मी त्या दिवशी तिथेच होते. हंगामाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी शाळेच्या वतीनं धक्क्यावर सॉसेज भाजून पावात घालून द्यायचं काम दर वर्षी माझ्याकडे असायचं. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मला वर्गात रोज बघायला मिळायचा. अनसेल्मोचा चेहरा तसला नव्हता. फळ्यावरचं गणित न कळलेल्या मुलाचा होता. ते मला तेव्हाच खटकलं, आणि एकदा खटकलेली गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. पण होडीत बसून बघायचं कसं? पहिल्या शनिवारी मी चुलाण्यापाशी, आणि तो तळ्यात, परगावच्या गिऱ्हाइकांबरोबर. गावातला होडीवाला कधी दुसऱ्याच्या होडीत बसत नाही. इर्मा तर धक्क्यावर उभी राहिली तरी तिला मळमळतं, ती जन्मात होडीत चढलेली नाही.

या वर्षी मी निवृत्त झाले. सॉसेजचा चिमटा नव्या बाईंच्या हातात दिला. त्यातच खिंडीत उशिराचा बर्फ पडला आणि अनसेल्मोची गिऱ्हाइकं पलीकडे अडकली. मी शुक्रवारी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं, की उद्या मी येते. इर्मानं माझ्याकडे बघितलं आणि तोंड बंद ठेवशील का विचारलं. मी म्हटलं, बघते.

तिला धाकधूक होती ती वेगळीच. मंगळवारी अनसेल्मोच्या डोळ्यांची तपासणी होती. माणसं बसवून नेणाऱ्या, साठी उलटलेल्या सगळ्या होडीवाल्यांना या वर्षीपासून ती लागू झाली होती. आजवर गावचा डॉक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र धरायचा आणि मथळा वाच म्हणायचा. आता राजधानीहून कोणी बाई पुस्तकं आणि यंत्रं घेऊन येणार होत्या. पास झाला तर परवाना पाच वर्षं, नाही तर होडी काठावर पालथी घालायची. बाविसाव्या वर्षापासून त्या माणसानं दुसरं काही केलेलं नाही. इर्मा म्हणायची, याला आठवडाभर घरात बसवला तर दोघांपैकी एक वेडा होणार, आणि तो मीच असणार.

अनसेल्मोला मात्र तपासणीची काडीची काळजी नव्हती. शनिवारी उजाडल्यावर होडी सोडतानाच त्यानं मला पलीकडच्या काठावरचा एक ठिपका दाखवला आणि ती गाय कोणाची ते सांगितलं. वर म्हणाला, "त्या बाईंनाच चष्मा लागेल, मला नाही."

होडी तीच, तांबडी. डाव्या अंगाला कधीतरी खडकाला घासली होती तिथे हातभर हिरवं ठिगळ. गाव म्हणायचं, घरात उरलेला रंग फासला, कंजूष लेकाचा. मीही तेच धरून चालले होते.

गारठा असा होता की येर्बाचं, म्हणजे आमच्या पाल्याच्या कडू चहाचं, गरम भांडं हातातून सोडवेना. अनसेल्मो एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातानं थर्मासातून ओतायचा, पहिला कडू घोट आपण घ्यायचा, मग भरून मला द्यायचा. आमच्याकडे ओतणारा एकच असतो आणि त्याच्या पाळीत कोणी ढवळाढवळ करत नाही. डावीकडची उतरण नोत्रोच्या फुलांनी लालभडक झाली होती. नोत्रो फुलला की सालमन हलतो, असं इथे म्हणतात, आणि होडीवाले एकमेकांना खुणाही तशाच सांगतात, मोठ्या नोत्रोपाशी वळ म्हणून. मी सहज म्हटलं, नोत्रो काय फुललाय यंदा. तर अनसेल्मो म्हणाला, की तुम्ही सगळे त्या नोत्रोचं काय घेऊन बसता कळत नाही, मी आपला फुटक्या खडकावर वळतो. मला वाटलं, शहाणपणा मिरवतोय.

फुटका खडक मागे टाकल्यावर त्यानं वेग कमी केला, पितळेचा चमचा पाण्यात टाकला आणि काठीवरची चक्री मोकळी केली. दोरी सुटायला लागली. मी गुडघे जुळवून, दोरीवर डोळे लावून बसले. अठ्ठावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता माझ्या पुढ्यात घडणार होतं.

पिवळा गेला. "एक," अनसेल्मो म्हणाला.

तांबडा गेला. तो काही बोलला नाही. हिरवा गेला. "दोन."

मला वाटलं, दम लागला असेल, किंवा मोजताना चुकला. पांढरा गेला, "तीन". मग नारिंगी गेला आणि तो पुन्हा गप्प. पोपटी संपल्यावर "चार". निळा संपल्यावर "पाच" म्हणाला, चक्रीला खीळ घातली आणि समाधानानं येर्बाकडे वळला.

मी हातमोजे काढून बोटांवर पुन्हा मोजलं. मग म्हटलं, "सात झाले."

"काय सात?"

"रंग. सात सोडलेस तू."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे विझलं. त्याला वाटलं, मीही गावाच्या बाजूची. "मास्तरीणबाई," तो म्हणाला, "एवढी वर्षं दुसऱ्यांची पोरं मोजायला शिकवलीस ना? घरातलं एक माणूस उरलं होतं मला थापाड्या न म्हणणारं. तेही झालं." मी म्हटलं, थापाड्या म्हणत नाहीये, मी नुसतं मोजलं. तो म्हणाला, मीही मोजलंच. मी म्हटलं, मग दोन गाळलेस. आणि मी तोंड बंद ठेवणार होते!

भांडण चांगलं पेटणार तेवढ्यात काठी वाकली.

मासा कसा खेळला, किती उड्या मारल्या, हे सांगत बसत नाही. होडीवाल्यांच्या तोंडून ते सगळ्यांनी ऐकलेलंच असतं. सालमन होता. चौऱ्याहत्तर सेंटिमीटर भरला. मी फोटो काढला, अनसेल्मोनं ओल्या हातांनी त्याला पाण्यात धरून ठेवलं, आणि त्याचा दम परत आल्यावर सोडून दिलं. एरवी या क्षणी तो शीळ घालत असणार. आज तो माझ्याकडे बघतही नव्हता.

पण माझं डोकं आता माशात नव्हतं. सात रंगांवर मासा आहे, नोव्हेंबरात, जिथे कोणी सात सोडत नाही. आणि सोडणारा शपथेवर पाच म्हणतोय. दोन्ही खरं कसं असेल? मी मोटर बंद करायला लावली. दोरी चक्रीवरून हातानं ओढून काढली, तांबड्याचं टोक सापडलं तसं ते त्याच्या अंगठ्याखाली दिलं आणि म्हटलं, "मी दोरी ओढते. हा रंग संपला की थांब म्हण."

"पोरखेळ आहे हा."

"असू दे. खेळ."

दोरी त्याच्या अंगठ्याखालून सरकायला लागली. तांबडा संपला, हिरवा सुरू झाला. तो सांधा त्याच्या नखाखालून गेला आणि त्याची पापणी हलली नाही. मी ओढत राहिले. हिरवा वेटोळी घालत माझ्या पायाशी पडत होता, आणि तो डोळे फाडून दोरीकडे बघत होता, मला पकडायचंच या इराद्यानं. हिरवा संपला आणि पांढरा आला त्याच बोटभर जागेवर तो म्हणाला, "थांब."

मी त्याला पुन्हा दाखवलं. उन्हात धरून दाखवलं. तो म्हणाला, ही एकच आहे, इथे जरा मळकी आहे इतकंच. मग मी डावीकडे बोट दाखवलं. "ती उतरण बघ. काय दिसतं?"

"डोंगर. कोइउएची झाडं. खाली सिप्रेस. वर एक वासरू, आईपासून चुकलेलं."

"आणि नोत्रो?"

"फुलला असेल तर दिसेल की."

अख्खी उतरण लाल होती. आणि तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की मी काय करून बसले आहे. इतका वेळ मला एक कोडं सुटत होतं आणि त्याचाच आनंद होत होता. पुढ्यात बसलेल्या माणसाला मंगळवारी दहा वाजता डोळे तपासायला जायचं होतं, हे मी साफ विसरले होते. माझ्या या नाक खुपसण्याच्या सवयीला मी त्या होडीत मनापासून शिव्या दिल्या.

वाऱ्यानं होडी हळूहळू आडवी झाली.  अनसेल्मोनं होडीच्या कडेवरून वाकून त्या ठिगळाला हात लावला आणि विचारलं, "हे?"

"हिरवं."

"आणि होडी?"

"तांबडी."

"मी तोच रंग आणला होता," तो म्हणाला. मग ठिगळावरचा हात काढून म्हणाला, "म्हणजे गाव मला कंजूष म्हणतं ते यामुळे."

"यामुळेही," मी म्हटलं. तो जरा हसला, आणि मला वाटलं, जगला.

इर्माला ठाऊक असणार, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. ती रोज सकाळी त्याचे कपडे खुर्चीवर काढून ठेवते, पायमोज्यांच्या जोड्या गाठी मारून ठेवते. लग्नाआधीपासून ठाऊक असणार, आणि नवऱ्याला कशाला दुखवा म्हणून बोलली नसणार. पण तिनं ती दोरी कधी पाहिली नव्हती. आणि ज्यांनी दोरी पाहिली होती त्यांना पायमोजे ठाऊक नव्हते.

मी घाईघाईनं मंगळवारचं बोलायला लागले. म्हटलं, ते रंगीत ठिपक्यांचं पुस्तक मी पाहिलेलं आहे, प्रत्येक पानात एक आकडा लपवलेला असतो, पानं ठरलेली असतात. शहरातल्या मैत्रिणीकडून उद्या मागवते, दोन दिवसांत पाढ्यांसारखं पाठ करून घेते. तू अंधारात होडी काढत नाहीस, बंदराचे तांबडे-हिरवे दिवे तुला जन्मापासून जागेवरून ठाऊक आहेत, कोणाच्या जिवाला धोका नाही. फक्त धक्क्यावर यातलं अक्षर काढू नकोस. तिथे बंदर कचेरीचा रेइनाल्दो सॉसेज खात उभा असतो. त्याच्या कानावर गेलं की मंगळवारपर्यंत थांबायचीही गरज नाही.

तो ऐकत होता की नाही कोण जाणे. सगळं बोलून मी दमले तेव्हा तो म्हणाला, "मी बाल्तासारला पाच सांगितले. सात होते."

"तुला माहीत नव्हतं."

"त्यालाही नव्हतं," तो म्हणाला. "सहा महिने तो माझ्या शब्दावर ओढत राहिला. मी लांबून बघायचो. मला वाटायचं, याचा हात बसत नाही. मी मनात हसायचोसुद्धा."

त्यानं येर्बा ओतली आणि स्वतःची पाळी सोडून भांडं माझ्याच हातात दिलं. एवढ्या वर्षांत मी त्याला पाळी चुकताना पाहिलं नव्हतं.

मग त्यानं दोरी गुंडाळून ठेवली आणि होडी सरळ धक्क्याकडे घेतली. खरं सांगते, त्यानं तिथे गप्प बसावं असंच मला वाटत होतं. म्हण तर म्हण. अठ्ठावीस वर्षं सोसली, आणखी वीस सोसेल. होडी गेली तर मात्र तो खिडकीतून तळ्याकडे बघत बसेल आणि दोन हिवाळ्यांत संपेल. म्हणींनी कोणी मरत नाही.

धक्क्यावर नेहमीचा मेळा होता. कोळशाचा धूर, दोऱ्यांची गुंडाळी, कोणाचा ट्राउट किती मोठा याची हमरीतुमरी. रेइनाल्दो पाव हातात घेऊन बरोब्बर चुलाण्यापाशी. आणि टोकाच्या खांबाजवळ बाल्तासार, आमच्याकडे पाठ करून. तो दर वर्षी येतो, आणि अनसेल्मोची होडी लागली की पाठ फिरवतो. निघूनही जात नाही. हे कोणाला विचित्र वाटत नव्हतं, इतकं ते जुनं झालं होतं.

मी फोटो दाखवला. तरुण होडीवाल्यांनी मान डोलावली, शीळ घातली. मग त्यातला एक नेहमीसारखा ओरडला, "किती रंग, काका? थांबा, सांगू नका!" आणि दहा-बाराजण एका सुरात म्हणाले, "पाच!" हशा झाला.

अनसेल्मो होडीतच उभा होता, दोर हातात. "सात," तो म्हणाला.

हशा अर्ध्यावर थांबला.

"सात आहेत," तो पुन्हा म्हणाला, आणि आता तो त्या पोरांशी बोलत नव्हता, टोकाच्या त्या पाठीशी बोलत होता. "मला पाच दिसतात. तांबडा आणि हिरवा मला वेगळा कळत नाही, बाल्तासार. नारिंगीचंही तसंच काहीतरी आहे. आज कळलं, मास्तरीणबाईंनी दाखवलं. मला दिसले तेवढे मी तुला सांगितले."

रेइनाल्दोचं चावणं थांबलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो माझा विद्यार्थी होता हे त्याला आठवावं. त्यानं मान खाली घातली, पण ऐकलेलं ऐकलं होतं. आता मागे फिरता येणार नव्हतं, आणि अनसेल्मोला हे माझ्याइतकंच कळत होतं. तरी त्याचे खांदे सैल पडलेले मी कित्येक वर्षांत पहिल्यांदा पाहिले.

बाल्तासार वळला. तोही म्हातारा झाला होता. दर वर्षी त्याची पाठच दिसायची, त्यामुळे ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो चालत होडीपाशी आला आणि आधी अनसेल्मोकडे न बघता डाव्या अंगाकडे बघत राहिला.

"हे ठिगळ," तो म्हणाला.

"हिरवं आहे म्हणे."

"माझी होडी हिरवी आहे," बाल्तासार म्हणाला. "मला वाटायचं, तू मला खिजवायला लावलंयस. माझी होडी तुझ्या होडीपुढे एवढीशी, म्हणून."

अनसेल्मोला हे नवीन होतं. त्यानं एकदा ठिगळाकडे बघितलं, एकदा पलीकडे बांधलेल्या बाल्तासारच्या होडीकडे, आणि मला दिसत होतं की त्याला दोन्हींत काहीच सापडत नाहीये.  चुलाण्यावर नव्या बाईंचे सॉसेज करपत होते.

"तपासणी किती वाजता आहे मंगळवारी?" बाल्तासारनं विचारलं.

"दहा."

"मी येतो."

"कशाला? नापास होणार आहे मी."

"म्हणून एकट्यानं व्हायचं?"

तो नापासच झाला. त्या बाई भल्या होत्या, त्यांनी पुस्तक दोनदा दाखवलं. बाहेरच्या बाकावर बाल्तासार मांडीवर टोपी घेऊन बसला होता. तो त्याच सकाळी पास झाला होता. परवाना परत द्यायला दोघं मिळूनच बंदर कचेरीत गेले. त्यानंतरचे पंधरा दिवस वाईट गेले. अनसेल्मो स्वयंपाकघरात बसून राहायचा, इर्मानं पायमोजे पुढे केले की उलटून पाहायचा आणि रंग विचारायचा, आणि ती सांगताना रडायची. मी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. माझ्या कुतूहलानं त्या घराचं काय झालं ते बघायची मला हिंमत होत नव्हती.

मग एका सकाळी बाल्तासार तांबड्या रंगाचा डबा घेऊन दारात उभा राहिला. ठिगळ नीट करू म्हणाला. अनसेल्मो म्हणाला, मला ते दिसत नाही आणि तुला खुपतं, तर तूच ठरव. बाल्तासारनं जरा विचार केला आणि डबा तसाच फळीवर ठेवून दिला.

हिरवी होडी त्यानं मुलाला दिली आहे. तांबडी आता त्याच्या परवान्यावर चालते. तो पुढे तोंड करून सुकाणूवर, अनसेल्मो मागे दोऱ्यांवर, बारा वर्षं होते तसे. बाकीच्या होड्या हल्ली नोव्हेंबरात सात सोडतात आणि बहुतेकांचे चमचे तळाला अडकतात, कारण फुटक्या खडकाचं त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. म्हण गावात तशीच आहे, फक्त आता मुलांच्या तोंडी ती वेगळ्या अर्थानं येते. एखादा खरं बोलतोय पण पटत नाही, तेव्हा म्हणतात.

मी मधूनमधून त्यांच्याबरोबर जाते आणि तोंड बंद ठेवते, शक्य तितकं. फुटका खडक मागे पडला की अनसेल्मो दोरी सोडायला लागतो आणि त्याच्या सवयीनं मोजतो. निळा संपतो, तो खीळ घालतो आणि म्हणतो, "पाच."

पुढून बाल्तासार मान न वळवता म्हणतो, "बरोबर."